बोलायचा नारळ

इंद्रायणी भात पिकायला आलं की आधी वास येतो आणि मग रंग दिसतो. मी लोणावळ्याच्या शाळेत शिकवते, तिथंच राहते, आणि रविवारी स्कूटरवरून जुन्या हायवेने परंदवडीला आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे जाते. पाऊस संपलेला असतो, वलवणचं धरण काठोकाठ भरून शांत झालेलं असतं, चिक्कीच्या दुकानांसमोरची गर्दी ओसरलेली असते. कामशेतच्या पुढे कुठंतरी तो वास हेल्मेटच्या आत शिरतो. गाड्यांच्या काचा खाली होतात, पुण्यामुंबईची माणसं "वा, काय सुगंध!" म्हणत खाचराच्या बांधावर उतरतात, फोटो काढतात. काढू देत बापडी. त्यांचं काही जळालेलं नाही.

मला या वासामागून दुसरा एक वास येतो, लाह्यांचा. कापलेल्या भाताचे भारे झोडणीपर्यंत खळ्यावर एकावर एक रचून ठेवतात, त्या ढिगाला आमच्याकडे उडवी म्हणतात. आमची उडवी भर दुपारी पेटली. आबा भाकरी खायला घरी आले होते. आरडाओरडा ऐकून आम्ही धावलो तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आतले दाणे तडतडत फुटत होते, पांढऱ्या लाह्या उडून आमच्या पायाशी पडत होत्या, आणि त्यांचा वास इतका चांगला होता की मला भूक लागली. वर्षाचं धान्य डोळ्यांदेखत जात होतं आणि तोंडाला पाणी सुटत होतं. त्या भुकेची मला अजून किळस येते. घरात आजही आम्ही लाह्या आणत नाही.

पेटवली सोपाननं. त्याचं रान आमच्या खाचराला लागून. त्याला तिथं शहरातल्या लोकांसाठी प्लॉट पाडायचे होते आणि रस्ता आमच्या खाचरातून हवा होता. आबा नाही म्हणाले. पुढच्या वेळी जरा मोठ्यानं नाही म्हणाले. त्यानंतरच्या सुगीत ही आग. शेजारच्या बांधावर इंदूमावशी गवत कापत होती, तिनं त्याला काडी ओढताना पाहिलं आणि आबांना येऊन सांगितलंही, "भाऊ, म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय. कुटं म्हनशील तितं सांगंन." आम्ही पोलिसांत तक्रार दिली, पंचनामा झाला. पण दोन दिवसांत गावात वेगळंच फिरायला लागलं. आबाचीच बिडी पडली असंल. आबा बिडी ओढायचे हे खरं, खळ्यावर कधीच ओढायचे नाहीत हेही तितकंच खरं. गावानं त्यातलं पहिलं तेवढं उचललं.

आमच्याकडे कापणी आणि झोडणी सावडीनं होते. आज तुमच्या खळ्यावर मी, उद्या माझ्या खळ्यावर तुम्ही. त्या वर्षापासून आबांना सावडीला बोलावणं बंद झालं. कुणी भांडलं नाही, कुणी वाकडं बोललं नाही. हसत हसत सांगितलं, "आबा, तुमी घरीच बरं. पेंढ्यापाशी उगा जोखीम नको." हे हसणं वर्षानुवर्षं तसंच टिकलं आहे. कुणी बिडी पेटवली की आबांकडे बघून डोळा मारतात, "आबा, जरा लांब सरका, गवत हाय." ज्या माणसाच्या हातची झोडणी बघायला पोरं जमायची, तो माणूस सुगीच्या दिवसांत ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या खळ्यावरचा आवाज ऐकायला लागला.

भात गेल्याचं दुःख सरलं. घरात शिक्षिकेचा पगार होता, आम्ही उपाशी राहिलो नाही. हे मात्र सरेना. "भरपाई नको मला," आबा म्हणायचे. "त्यानं चावडीत उभं ऱ्हाऊन म्हनावं, म्या पेटवलं. बास. मंग मी सावडीला जाईन." एवढंच मागणं. न्याय म्हणून याहून स्वस्त काही कुणी मागितलं असेल असं मला वाटत नाही.

अशात सरपंचांनी लोणावळ्याच्या एका संस्थेला गावात बोलावलं. वलवणला धरणाच्या बाजूला एक भाड्याचा बंगला, फाटकावर पाटी, 'पुनर्स्थापक न्याय केंद्र'. गावात हे नाव कुणालाच नीट उच्चारता आलं नाही, म्हणून ती 'समेटवाली बाई' झाली. बाई म्हणजे मृणालताई. साठीच्या, आखूड पांढरे केस, सुती कुर्ता, गुडघा दुखत असला तरी आमच्या ओट्यावर मांडी घालून बसणाऱ्या. त्यांच्या भावाला त्याच्याच ड्रायव्हरनं ठार मारलं होतं. त्या तुरुंगात जाऊन त्या माणसाला भेटल्या, त्याच्याशी वर्षभर बोलत राहिल्या, आणि त्यातून ही संस्था उभी केली. ही हकीकत सांगताना त्यांचा आवाज चढत नसे की डोळे भरत नसत. सोबत केदार, वकिली सोडून आलेला, समोरचा बोलत असताना सारखी मान हलवणारा. शिक्षा करून काय साधतं, असं दोघं विचारायचे. तुटलेलं नातं जोडायला हवं, ज्यानं केलं त्यानं ते कबूल करायला हवं, आणि ज्याचं गेलं त्याचं पुरतं ऐकून घ्यायला हवं. ऐकायला ते खरंच बरं वाटायचं. आबांना हवं होतं तेही हेच होतं.

त्यांच्याकडे 'गुन्हेगार' म्हणायचं नसतं. 'ज्याच्या हातून हानी घडली ती व्यक्ती' असं म्हणायचं. पहिल्या दिवशी आबांनी ते मन लावून ऐकलं आणि विचारलं, "एवढं लांबडं? सोपान म्हनलं तर चालंल का?" ताई खळखळून हसल्या. त्यांचं हसणं छान होतं, हे कबूल करायला आज जड जातं.

तयारीच्या बैठका वलवणच्या बंगल्यावर व्हायच्या. गोल करून खुर्च्या, मध्ये धरणाच्या काठावरून आणलेला एक काळा गुळगुळीत दगड. दगड ज्याच्या हातात, तोच बोलणार. बाकीच्यांनी मध्ये तोंड उघडायचं नाही. असली पद्धत कुठल्याशा लांबच्या देशातल्या आदिवासींकडून घेतली आहे असं केदारनं सांगितलं. आबांनी दगड तळहातावर घेऊन वजन बघितलं, अंगठ्यानं जरा घासला आणि बोलायला लागले. भारे कसे रचतात, कणसं आत आणि बुडखे बाहेर का ठेवतात, पाऊस आला तर पाणी कसं निथळतं. मग आगीवर आले. मग सावडीवर. मी त्यांची मुलगी, पण वडिलांना इतका वेळ बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. कुणी खोकलंसुद्धा नाही. परतताना स्कूटरवर मागून म्हणाले, "ह्या बाईनं मला पुरं बोलू दिलं बग. चावडीत बी असाच दगूड दिला तर समदं सांगतो." त्या रस्त्यावर मी त्या संस्थेवर मनापासून प्रेम केलं.

चावडीत दगड आलाच नाही. आदल्या दिवशी केदारला वाटलं की भांडणाच्या बैठकीत हातात दगड बरा दिसणार नाही. ताईंना वाटलं, लोकांना आपलं वाटेल असं काहीतरी मातीतलं, मानाचं हवं. दोघांनी मिळून नारळ ठरवला. सरपंचांनी लगेच चांगला मोठा, शेंडी राखलेला नारळ आणून दिला. आणि ही चूक फक्त तीच माणसं करू शकली असती, ज्यांनी दूरदेशीच्या रीती वाचल्या होत्या पण इंदूमावशीला एक साधा प्रश्न विचारला नव्हता.

आमच्या गावात भांडण मिटतं तेव्हा ज्याची चूक तो चावडीत नारळ देतो आणि ज्याचं नुकसान झालं तो दोन्ही हातांनी घेतो. घेतला की विषय संपला. त्यानंतर त्यावर बोलेल तो माणूस वाईट. बांध कोरलेला असो नाहीतर शेळीनं वेल खाल्लेला असो, जुन्या लोकांपासून हे असंच चालत आलंय. आजोबांनी दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात नारळ फोडलेला नाही. पण चावडीतल्या नारळाचा अर्थ ओढ्यापलीकडच्या आमच्या बौद्धवस्तीलाही पक्का ठाऊक आहे, कारण घ्यायची वेळ बहुतेक आमच्यावरच आलेली आहे.

त्या दिवशी आबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून गेले होते. चावडीत सतरंजीवर सगळे गोल बसले. ताईंनी नियम सांगितला, नारळ ज्याच्या हातात तो बोलेल, आणि नारळ आधी सोपानच्या हातात दिला. सोपाननं खाली बघत म्हटलं, "काय चुकलं-माकलं आसंल तर मोठ्या मनानं पदरात घ्या." काय चुकलं, कुणाचं चुकलं, आग कुठली, काडी कुणाची, एक अक्षर नाही. आणि त्यानं नारळ शेजारी बसलेल्या आबांपुढे धरला.

आबांचे हात मांडीवरून हलले नाहीत. सगळं गाव त्या हातांकडे बघत होतं. घेतला तर सोपाननं कबूल न करताच सगळं मिटलं. नाही घेतला तर बोलायचं नाही. वर्षभर ज्या दिवसाची वाट बघितली त्या दिवशी माझ्या वडिलांना या दोन्हींच्या मध्ये बसवून ठेवलं होतं, आणि बसवणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

"ताई, त्यो दगूड..." आबा पुटपुटले.

केदारनं फार प्रेमानं सांगितलं, "आबा, आधी हातात घ्या, मग बोला."

मी उठायला गेले. "ताई, हे असं नाही..." एवढंच बोलले असेन. केदारनं ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी नारळाकडे खूण केली. ताईंनी डोळे मिटले होते. त्या शांततेला त्या 'पवित्र अवकाश' म्हणतात. आबांनी हात उचलले आणि छातीशी घट्ट जोडून धरले, कुणी त्यात काही ठेवू नये म्हणून. संस्थेच्या एका मुलीनं तेवढ्यात फोटो काढला. मग सरपंच पुढं सरकले. "वडीलकीच्या नात्यानं आबांच्या वतीनं मी घेतो," म्हणाले, नारळ घेतला आणि गावाच्या एकोप्यावर बराच वेळ बोलले. टाळ्या झाल्या. आबा घरी आले आणि सदरा काढून खुंटीला लावला.

दुसऱ्या दिवशी मी इंदूमावशीकडे गेले. तिनं माझ्याकडे न बघता तांदूळ निवडत सांगितलं, "आता मिटलंय की पोरी. सरपंचांनी नारळ घेतलाय. मी कशाला वाईट व्हऊ?" तक्रारीचंही पुढे काही झालं नाही. साक्ष देणारंच कुणी उरलं नाही.

मी वलवणला जाऊन ताईंना नारळाचा अर्थ सांगितला. त्या खरोखर हादरल्या. पाणी मागवून प्यायल्या. मग म्हणाल्या, "सुजाता, हे आमच्यासाठी फार मोठं शिकणं आहे." शिकणं! माझ्या बापाची जीभ कापली गेली होती आणि तिथं कुणाचं तरी शिक्षण चाललं होतं. मी म्हटलं, मग पुन्हा बैठक घ्या, दगड घेऊन, चावडीतच. त्या म्हणाल्या, सोपानच्या मर्जीशिवाय काही करता येत नाही, सगळं स्वखुशीनं व्हायला हवं, हाच या प्रक्रियेचा गाभा आहे. सोपानला विचारलं गेलं. तो म्हणाला, चावडीत नको, लोणावळ्यात येतो. तिथं त्याला सुरक्षित वाटतं म्हणे. ताई आनंदल्या. आबांनाही बोलावणं गेलं. आबा म्हणाले, "तितं कशाला?" ताईंना ते उत्तर हट्टीपणाचं वाटलं, मला पुरेसं वाटलं.

वाईट माणसांवर रागावणं सोपं असतं. सोपानवर मी रोज रागावते आणि त्या रागानं मला ताकद येते. ताईंवर रागावले की मीच कोती ठरते. त्या वाढदिवसाला फोन करतात, आबांच्या मोतीबिंदूला पुण्यातला डॉक्टर त्यांनीच बघून दिला, आणि त्यांच्या बंगल्यात दर्शनी भिंतीवर माझ्या वडिलांचा मोठा फोटो आहे. पांढरा सदरा, छातीशी घट्ट जोडलेले हात, खाली नक्षीदार अक्षरांत एकच शब्द, 'क्षमा'. बघणारे त्या फोटोसमोर थांबतात, हळवे होतात. काळा दगड मागच्या दाराला लावलेला असतो, धरणावरचा वारा आला की दार आपटतं म्हणून. बैठकांना आता सगळीकडे नारळच वापरतात. त्याला 'मावळ पद्धत' असं नाव दिलंय.

या वर्षी भात पिकायच्या सुमाराला ताईंचा फोन आला. "एकदा येऊन सोपानला ऐक गं. तुझं मन हलकं होईल." इतकी वर्षं टाळलं होतं, या वेळी गेले. एका रिसॉर्टचा हॉल, काचेबाहेर दरी आणि ढग, आत नाशिक, नगर, पुण्याहून प्रशिक्षणाला आलेली तरुण मुलंमुली. सोपान स्वच्छ शर्ट घालून गोलात बसला होता. नारळ त्याच्या हातात आला. त्यानं माइक तोंडाशी धरला आणि न अडखळता म्हणाला, "त्या दुपारी म्या काडी वढली. म्याच पेटवलं. त्या मानसानं माझं कायबी वाकडं केलं नव्हतं. आन वर त्याची बिडी पडली म्हनून म्याच उठवलं."

शब्द न शब्द. आबांनी मागितला होता त्याहून जास्त. पण त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की हे त्याला पाठ आहे. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं बसलेलं. माझ्या शेजारची एक मुलगी रडायला लागली. टाळ्या संपेनात. दर प्रशिक्षणाला तो हे सांगतो, असं मागून कळलं.

ताईंनी मला मिठी मारली. "हेच हवं होतं ना आबांना?"

"हे चावडीत म्हणायला सांगा."

त्यांचे हात सैल झाले. "त्याला तिथं नेऊन पुन्हा अपराधी करायचं का, सुजाता? तो केवढा बदललाय बघ. आणि तूही बाहेर बोलू नकोस हं. गोलातलं गोलातच राहतं, तुला नियम माहीत आहे."

तो नियम मी इथं मोडते आहे. मोडल्याचं मला काही वाटत नाही.

चहाच्या वेळी सोपान भज्यांची ताटली घेऊन माझ्याकडेच आला. "ताई, आबा बरं हायेत न्हवं?"

"चावडीत कधी म्हणणार?" मी विचारलं.

त्यानं इकडं तिकडं बघितलं. तो चिडला नाही. उलट माझी समजूत घातल्यासारखं म्हणाला, "आवो, हितं मला कोन वळखतंय? तितं मला पोरींची लग्नं करायचीत." आणि भजी माझ्यापुढं केली. त्या सबंध दिवसात मला ऐकू आलेलं हे एकच खरं वाक्य होतं, आणि ते नारळ हातात नसताना बोललेलं होतं.

त्या रविवारी मी परंदवडीला गेले. वास भरून राहिला होता. सोपानच्या प्लॉटांना कुंपणं झाली आहेत, रस्ता त्यानं दुसरीकडून काढलाय, आमचं खाचर अजून आमचंच आहे. कापणीला आता मशीन बोलावतो. भारे नाहीत, उडवी नाही, सावडीला कुणाला बोलवायचं नाही आणि कुणी बोलावत नाही म्हणून झुरायचं नाही, असं मी स्वतःला सांगत असते. आबा ओट्यावर बसले होते. ओढ्याच्या गावाकडच्या बाजूला कुणाच्या तरी खळ्यावर अजून जुन्या रीतीनं झोडणी चालली होती, आणि प्रत्येक फटक्याबरोबर त्यांचा उजवा हात मांडीवर किंचित हलत होता.

मी चहा दिला आणि सांगून टाकलं. "आबा, सोपान बोलला. म्या पेटवलं म्हणाला. बिडीचं मीच उठवलं असंही म्हणाला. सगळ्यांसमोर, माइकवर."

आबा ताठ बसले. कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत मी तो चेहरा पाहिला नव्हता. खुंटीवरच्या सदऱ्याकडे त्यांची नजर गेली, मी पाहिली ती.

"कुटं म्हनला?"

"लोणावळ्यात. हॉलमध्ये."

"आपल्या गावचं कोन हुतं?"

"कुणी नव्हतं आबा. मी होते."

समोरच्या खळ्यावर फटके पडत होते. आबांनी पुन्हा भिंतीला पाठ टेकली आणि दुसरा हात त्या हलणाऱ्या हातावर ठेवून दिला.

"पोरी," ते म्हणाले, "लोणावळ्यात कुटं आपलं भात जळालं हुतं?"